सिंकमध्ये पाण्याभोवती उमटणारं ते गोल कडं

उपडी_वाटी (धागाकर्ती)

कामाच्या मावशी चार दिवस गावी गेल्यात, त्यामुळे भांडी माझ्याकडे. परवा रात्री परात सिंकमध्ये उपडी घातली, तिच्या पाठीवर नळ सोडला आणि साबण शोधता शोधता लक्ष गेलं. धार पडते तिथून पाणी चपटं, काचेसारखं नितळ पसरतं. इतकं पातळ, की परातीच्या बुडावर घातलेलं सासूबाईंचं नाव त्यातून स्वच्छ वाचता येतं. मग साधारण चार बोटांवर पाणी एकदम उभंच राहतं. गोल कडं. आणि कड्यापलीकडे तेच पाणी जाड, संथ, सुरकुतलेलं.

नळ मोठा केला की कडं लांब सरकतं, बारीक केला की जवळ येतं. आत बोट ठेवलं तर बोटामागे मोडतं, काढलं की पुन्हा जसंच्या तसं.

नववीतल्या लेकाला विचारलं. म्हणाला, पाणी आदळून उडतं म्हणून. अरे, पण आदळून उडायचं तर धारेपाशीच उडेल ना, चार बोटं चालत जाऊन मग कशाला उडेल? यावर त्याने मोबाइलमधून डोकं वर काढलं, हेही नसे थोडके.

जाणकारांनी सांगावं. मी कॉमर्सची आहे, सूत्रं जरा बेतानं.

बशीतला_चहा

हे रोज बघतो आणि आजवर एकदाही प्रश्न पडला नाही. वाचतोय.

खडूस_काका

पृष्ठताण. संपला धागा.

सांडवा_बहात्तर

काका, एवढ्यात दिवे मालवू नका.

उपडी_वाटी, याला आम्ही हायड्रॉलिक जंप म्हणतो. पाटबंधारे खात्यात ३२ वर्षं काढली, त्यातली बरीचशी तुमच्या या कड्याच्या थोरल्या भावाची उस्तवार करण्यात गेली. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

उथळ पाण्यात खडा टाकला की तरंग निघतात. त्यांचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. खोली मीटरमध्ये घ्या, ९.८१ ने गुणा, वर्गमूळ काढा. १ मीटर पाण्यात सेकंदाला ३.१ मीटर, १० सेंटिमीटर पाण्यात जेमतेम १ मीटर. झालं, सूत्र संपलं. हे तरंग म्हणजे पाण्याचं टपालखातं. पुढे दगड आहे, पुढे पाणी तुंबलंय, ही वार्ता मागच्या पाण्याला तेच पोचवतात. संथ नदीत म्हणूनच पुलाच्या खांबाची चाहूल पाण्याला आधीच लागते आणि ते दोन्ही अंगांनी वाट काढतं.

आता पाणीच त्या टपालापेक्षा जोरात धावत असेल तर? वार्ता मागे जाणार कशी? नळाची धार वीतभर खाली येते तोवर तिचा वेग सेकंदाला २ मीटरच्या घरात असतो, आणि परातीवर ती पसरते मिलिमीटरपेक्षाही पातळ. त्या पापुद्र्यात कुठलाच तरंग इतक्या वेगाने उलटा चढू शकत नाही. म्हणून आतलं पाणी बेफिकीर, नितळ. पुढे काय वाढून ठेवलंय याची त्याला खबरच नाही. पण जसजसं पसरतं तसं परातीला घासून मंदावतं. एका घेरावर त्याचा वेग आणि टपालाचा वेग यांची बरोबरी होते. तिथे पुढच्या संथ पाण्याची वार्ता त्याला पहिल्यांदा भेटते आणि ते दचकून उभं राहतं.

पडताळा घ्या. नितळ भागात सुरीचं टोक बुडवा, मग तेच कड्याबाहेर. काय फरक दिसतो ते इथे लिहा.

खडूस_काका

पाणी दचकतं म्हणे. साहित्य संमेलनाला जा.

उपडी_वाटी

केलं! आत टोक बुडवलं की होडीमागे उमटते तशी टोकदार पाचर लगेच तयार होते, अगदी पट्टीने आखल्यासारखी. धारेजवळ पाचर निमुळती, कड्याकडे यावं तसतशी पसरट. कड्याबाहेर पाचर गायब, तिथे सुरीच्या सगळ्या बाजूंनी गुबगुबीत वलयं.

लेक आता नळापाशी उभा आहे आणि मला भांडी घासू देत नाहीये.

सांडवा_बहात्तर

शाब्बास! पाचर निमुळती म्हणजे पाणी तरंगाच्या कितीतरी पुढे. पसरट होत गेली म्हणजे पाणी मंदावतंय. ध्वनीपेक्षा जोरात जाणाऱ्या विमानामागे हवेत असाच शंकू असतो. सुरीच्या टोकाने तुम्ही तेच पाहिलंत, फक्त कानठळ्या बसल्या नाहीत.

कालव्याकाठी

नेदरलँड्समधल्या डेल्फ्टहून लिहितेय, पीएचडीचं काम याच्या शेजारच्या विषयावर आहे, म्हणून राहवलं नाही.

सुरीचा प्रयोग फ्रान्समधल्या एका गटाने नीट मोजमाप करून केला होता, २०११ मध्ये तो छापून आला. पाण्याऐवजी सिलिकॉनचं तेल आणि सुरीऐवजी सुई. पाचरीचा कोन ठिकठिकाणी मोजला आणि तो कड्यापाशी येऊन उघडतो हे दाखवलं. त्यांचा रोख वेगळाच होता. बाहेरचा कुठलाच तरंग कड्याच्या आत शिरू शकत नाही, म्हणजे हे कृष्णविवराचं उलटं रूप झालं. कृष्णविवरातून काही बाहेर येत नाही, इथे आत काही जात नाही. श्वेतविवर. तुमच्या परातीवर.

दुसरी गंमत डेन्मार्कची, १९९८ ची. पाण्याऐवजी एथिलीन ग्लायकॉल घेतलं (गाडीच्या कूलंटमध्ये असतं ते, घरी करू नका, विषारी आहे) आणि कड्याबाहेरच्या द्रवाची उंची थोडी बदलत नेली, तर कडं गोल न राहता कोनदार होतं. पंचकोन, षट्कोन, स्थिर उभे. गोल धार, गोल ताटली, आणि मध्ये षट्कोन!

आणि खडूसकाका, तुमच्यासाठी खाऊ आहे. कडं गुरुत्वामुळे बनतं हे रेले यांनी १९१४ मध्ये मांडलं, घर्षणाचा हिशेब वॉटसन यांनी १९६४ मध्ये जोडला, आणि सगळे तेच शिकत आले. २०१८ मध्ये केंब्रिजच्या राजेश भगत आणि सहकाऱ्यांनी साधा प्रश्न विचारला. गुरुत्वामुळे असेल तर भिंतीवर आडवी धार मारली किंवा छताला खालून मारली तर कडं बदलायला हवं ना? त्यांनी मारून पाहिली. कडं सुरुवातीला त्याच अंतरावर उमटलं. त्यांचं म्हणणं, इतक्या पातळ पापुद्र्यात पृष्ठताणच मुख्य.

खडूस_काका

धाग्याचा चौथा शब्दही लागला नव्हता तेव्हा मी हे सांगितलं होतं. एका शब्दात. फुकट.

कालव्याकाठी

काका, घाई नको :) त्या निबंधावर लगेच हरकती आल्या. पृष्ठताणाची ऊर्जा हिशेबात घेताना त्यांनी ती दोनदा धरली किंवा चुकीच्या जागी धरली, असं काहींचं म्हणणं. वाद अजून जिवंत आहे. माझं स्वतःचं मत: परातीवरच्या कड्यात दोघांचाही हात आहे, आणि ताटलीच्या काठावरून पाणी कसं निथळतं यावरही बरंच अवलंबून आहे. साबणाचा थेंब टाकला तर कडं हलतं, म्हणजे पृष्ठताण अगदीच बघ्याच्या भूमिकेत नाही.

बे_एके_बे

छताचा प्रयोग करून पाहिला. बाथरूममधला जेट स्प्रे वर तोंड करून धरला, दुसऱ्या हातात स्टीलचं ताट पालथं. कडं उमटतं, पक्कं! कड्याच्या आत पाणी ताटाला चिकटून धावतं आणि कड्यापाशी सोडून देतं, गोल पडदा पडतो. त्या पडद्याच्या आत माझा चश्मा, दाढी आणि बाहीचा स्वेटर होता. बायकोने फोटो काढलाय, इथे टाकणार नाही.

बशीतला_चहा

चहा ढवळून थांबलं की पत्ती कपाच्या कडेला न जाता मध्ये का गोळा होते, हे पण याच कारणाने का?

कालव्याकाठी

नाही, ते वेगळं. तळाशी पाणी कपाला घासून मंदावतं, त्यामुळे तिथे बाहेर फेकणारा जोर कमी पडतो आणि तळचं पाणी मध्याकडे वळतं. पत्ती त्याबरोबर ओढली जाते. आइन्स्टाइन यांनी १९२६ मध्ये यावर लिहिलंय, आणि त्याच कारणाने नदी वळणावर बाहेरचा काठ कोरते आणि आतल्या काठावर वाळू टाकते हेही सांगितलंय. वेगळा धागा काढ, तिथे बोलू.

बे_एके_बे

सांडवाकाका, तुम्ही थोरल्या भावाबद्दल बोलला होतात. ते राहिलंच.

सांडवा_बहात्तर

राहिलं नाही, तुमचा स्वेटर वाळायची वाट बघत होतो.

पावसाळ्यात बातम्यांत ऐकता ना, अमुक धरणातून १० हजार क्युसेक विसर्ग सुरू. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. १० हजार म्हणजे सेकंदाला २ लाख ८३ हजार लिटर. हे पाणी सांडव्यावरून समजा २० मीटर खाली आलं, तर पायथ्याशी त्याची ताकद होते ५५ मेगावॉटच्या आसपास. पाणी तेच, पण खाली नदीच्या तळावर, खडकावर, माणसांच्या शेतांवर ही ताकद तशीच सोडून दिली तर एका पावसाळ्यात पायथ्याशी विहीर पडेल. आणि विहीर मागे सरकत सरकत धरणाच्या पायाखाली आली की मग बोलायलाच नको. धरणं वरून फुटतात असं लोकांना वाटतं. आम्हाला धास्ती पायथ्याची.

म्हणून पायथ्याशी काँक्रीटचं लांबरुंद कुंड बांधतात, स्टिलिंग बेसिन. तिथे पाण्याला मुद्दाम उसळी (तीच ती हायड्रॉलिक जंप) मारायला लावायची. खाली आलेलं पाणी १ मीटर जाड आणि सेकंदाला २० मीटर वेगाचं असेल, तर उसळीनंतर ते साडेआठ मीटर खोल होतं आणि वेग उतरतो सव्वादोन-अडीच मीटरवर. माणूस सावकाश पळेल तेवढा. उरलेली ताकद गेली कुठे? त्या पांढऱ्या फेसाळ घुसळणीत. हिशेब केला तर ५९ टक्के ऊर्जा तिथल्या तिथे संपते. संपते म्हणजे उष्णता होते. पण हात घालून बघायला जाऊ नका, पाणी तापतं ते एका अंशाच्या शंभर भागांतले तीन भाग.

कॉलेजात हे गणित पंधरा मिनिटांत सुटतं. जागेवरची खरी डोकेदुखी म्हणजे उसळी कुठे बसणार. ती कुंडातच बसली पाहिजे, आणि ते ठरवतं कुंडाच्या पुढचं पाणी. पुढे नदीत पाणी पुरेसं नसेल तर उसळी सरकत सरकत कुंडाबाहेर जाते आणि उघड्या तळावर नाचते. पाणी फार असेल तर उसळी सांडव्याच्या अंगावर चढून बुडते, वरून शांत दिसतं आणि खालून सुसाट धार तशीच पुढे जाते. म्हणून कुंडात काँक्रीटचे ठोकळे बसवायचे, शेवटी उंबरठा घालायचा. ठोकळ्यांना आम्ही दाते म्हणायचो. पावसाळा संपला की कुंड उपसून आधी दाते मोजायचे. एका वर्षी दोन कमी भरले. मिळाले ते पाव किलोमीटर खाली, गुळगुळीत होऊन.

परातीवरही हे बघता येईल. परात सुलटी ठेवा आणि आत पाणी साठू द्या. पाणी चढेल तसं कडं धारेकडे आक्रसत जाईल आणि शेवटी बुडून जाईल.

उपडी_वाटी

काका, हा प्रतिसाद प्रिंट काढून फ्रिजवर लावलाय.

बे_एके_बे

भारी! कॉलेजच्या सहलीत आम्हाला खडकवासल्याला नेलं होतं, केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात. तिथे धरणांची, बंदरांची छोटी मॉडेल्स होती. छोटी म्हणजे वर्गखोलीएवढी. आम्ही फक्त फोटो काढले आणि वडापाव खाल्ला. खऱ्या धरणाचं पाणी एवढ्याशा मॉडेलवरून कसं कळतं, हे तेव्हा विचारायला हवं होतं.

सांडवा_बहात्तर

ती संस्था १९१६ ची, मुंबई इलाख्याच्या काळात सुरू झालेली. क्लॉड इंग्लिस तिथे बरीच वर्षं प्रमुख होते. पुढे ते इंग्लंडला गेले आणि तिथल्या अशाच संशोधन संस्थेचे पहिले संचालक झाले. म्हणजे पुण्याने विलायतेला शिकवलं. पुणेकरांना मी हे आयतं हत्यार देतोय, जपून वापरा.

मॉडेलचं गमक असं. पाण्याचा वेग आणि तरंगाचा वेग यांचं गुणोत्तर दोन्हीकडे सारखं ठेवायचं, म्हणजे उसळी सारखी बसते. या गुणोत्तराला विल्यम फ्रूड यांचं नाव आहे. त्यांनी १८७० च्या दशकात इंग्लंडमध्ये टॉर्कीला टाकी बांधून तिच्यात जहाजांच्या छोट्या प्रतिकृती ओढून पाहिल्या. १:१०० चं मॉडेल असेल तर वेग दहावा हिस्सा, वेळही दहावा हिस्सा आणि विसर्ग एक लाखावा हिस्सा. १० हजार क्युसेकचा पूर तिथे सेकंदाला पावणेतीन लिटरचा होतो. पाच-सहा सेकंदांत एक बादली. आणि पुराचे २४ तास सव्वादोन-अडीच तासांत उरकतात, जेवायच्या सुट्टीआधी.

कालव्याकाठी

यात एक ग्यानबाची मेख आहे, काका सांगतीलच म्हणून थांबले होते, पण आता मीच सांगते. पाण्याच्या चिकटपणाचा हिशेब वेगळा असतो, रेनॉल्ड्स यांचा. तो जुळवायचा तर छोट्या मॉडेलमध्ये वेग कमी नाही, उलट शंभरपट वाढवायला हवा. म्हणजे सेकंदाला २० मीटरच्या जागी फ्रूड म्हणतात २ मीटर ठेवा, रेनॉल्ड्स म्हणतात २,००० मीटर ठेवा. पाण्यातून आवाजसुद्धा त्यापेक्षा सावकाश जातो! दोघांची मर्जी एकाच वेळी राखता येत नाही. मग फ्रूड यांचं ऐकायचं आणि मॉडेल एवढं मोठं करायचं की चिकटपणा आणि पृष्ठताण यांनी लुडबूड करू नये. म्हणून ती मॉडेल्स वर्गखोलीएवढी.

त्यातूनही हवेचे बुडबुडे फसवतात. बुडबुड्याचा आकार मॉडेलच्या प्रमाणात लहान होत नाही, त्यामुळे मॉडेलमधली उसळी खऱ्यापेक्षा कमी फेसाळते.

खडूस_काका

म्हणजे धरणावर पृष्ठताणाचं काही चालत नाही आणि परातीवर चालतं. मग ही एकच गोष्ट कशी हो? नाव सारखं म्हणून?

कालव्याकाठी

काका, पहिल्यांदाच तुमचा प्रश्न मनापासून आवडला. दोन्हीकडे जे सारखं आहे ते एवढंच: अलीकडे पाणी तरंगापेक्षा वेगवान, पलीकडे तरंगापेक्षा मंद, आणि मधला बदल हळूहळू होऊ शकत नाही, तो एका उडीतच होतो. त्या तरंगाला ओढणारा जोर कोणता, गुरुत्व की पृष्ठताण, हे आकारावर ठरतं. कोलकात्याला हुगळीत भरतीच्या वेळी समुद्राकडून पाण्याची भिंत नदीत वर चढत जाते, बंगालीत तिला बान म्हणतात. तीही हीच उडी, फक्त चालती.

पंचगंगाकाठ

मी इथे सहसा नुसता वाचतो. काल रात्री सांडवाकाकांचं "वरून शांत दिसतं" हे वाक्य वाचलं आणि झोप लागली नाही, म्हणून लिहितोय.

आमच्याकडे नदीवर केटी (कोल्हापूर टाइप) बंधारे आहेत. उन्हाळ्यात बर्गे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवतात, पावसाळ्याच्या तोंडावर बर्गे काढतात. आमच्या गावचा बंधारा अर्धा पुरुष उंच पण नसेल पाण्यावर. मी अकरावीत, जूनचा शेवट, बर्गे निघायचे होते आणि पाणी बंधाऱ्यावरून सगळ्या रुंदीत एकसारखं पडत होतं. दिसायला अगदी साधं. धबधबा म्हणायची पण लाज वाटावी. आम्ही चौघं ट्रकच्या टायरची ट्यूब घेऊन वरच्या बाजूनं आलो, ठरवलं की बंधाऱ्यावरनं घसरायचं आणि खाली पोहत काठाला लागायचं.

मी पडलो आणि वर आलो. चार हात मारले. काठ जवळ यायचा तर मी पडत्या पाण्याखालीच परत. पुन्हा वर, पुन्हा चार हात, पुन्हा धारेखाली. मला वाटलं मला कुणीतरी पायाला धरून ओढतंय. पोहायला मला उत्तम येत होतं, पुरात नदी ओलांडलेली. पण ते पाणी हाताला लागतच नव्हतं. नुसता फेस. धरायला काही नाही असं.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. वरनं गुराखी ओरडला, त्यानं म्हशीचं दावं टाकलं. तिसऱ्यांदा ते हातात आलं. काठावर आल्यावर पोट फुटेस्तोवर ओकलो.

ट्यूब मात्र तिथंच राहिली. आम्ही संध्याकाळपर्यंत काठावर बसून बघत होतो. ती वाहून जातच नव्हती. धारेखाली जायची, दहा फुटांवर बाहेर यायची, गोल फिरून परत धारेखाली. दिवेलागणीला घरी गेलो. सकाळी आलो तर तिथंच. फिरत होती.

पुढच्या वर्षी त्याच जागी शेजारच्या गावचा मुलगा गेला. घरात म्हातारी माणसं म्हणायची तिथं आसरा आहेत, पाण्यातल्या देवता. काका, ते हेच का?

सांडवा_बहात्तर

हो बाळा, हेच. आणि वाचलास हे नशीब समज.

तिथे उसळी बुडालेली होती. पडणारं पाणी तळाला चिकटून पुढे निघून जातं आणि त्याच्यावरचं पाणी उलटं, बंधाऱ्याकडे वाहत राहतं. तू वर येऊन काठाकडे हात मारत होतास ते त्या उलट्या पट्ट्यावर. त्यात निम्मी हवा, म्हणून अंग तरंगत नाही आणि हाताला पाणी लागत नाही. उंच धबधब्याला माणूस भितो. अर्धा पुरुष उंचीच्या सरळसोट बंधाऱ्याला कोणी भीत नाही. आणि नदीत काठापासून काठापर्यंत एकसारखं पडणारं पाणी असलं की बाजूने निसटायला फट पण नसते.

बाकीच्यांसाठी: अशा ठिकाणी कोणी सापडलं तर पाठोपाठ उडी मारू नका, दोघं अडकाल. दोर, दावं, साडी, लांब बांबू, जे असेल ते काठावरून टाका. आणि त्या पाण्यात उतरूच नका, पोहणारे असलात तर मुळीच नाही.

उपडी_वाटी

वाचून हात गार पडले. लेकाला वाचायला दिलंय.

खडूस_काका

पंचगंगाकाठ, लिहिलंत हे बरं केलंत.

बशीतला_चहा

थोडं हलकं बोलू का? या हायड्रॉलिक जंपला मराठीत काय म्हणायचं? जलोड्डाण?

खडूस_काका

जलोड्डाण म्हटलं की डोळ्यांसमोर बदक येतं. सांडवा वर "उसळी" म्हणालेत, तो चालेल. मिसळीशी घोटाळा झाला तर होऊ दे.

बे_एके_बे

उसळीला +१. आणि स्टिलिंग बेसिनला? "ऊर्जाशमन कुंड" वगैरे नको प्लीज.

पंचगंगाकाठ

त्याला शब्द आहे की. थारोळं.

आमच्या आजोबांची मोटेची विहीर होती. बैल उतारावर गेले की मोट वर यायची आणि सोंडेतनं पाणी धाडकन पडायचं. ते सरळ पाटात सोडलं तर पाट दोन दिवसांत फुटेल. म्हणून खाली दगडी चौकोनी कुंडी असायची, त्यात कायम हातभर पाणी साठलेलं. पडणारं पाणी तिथं घुसळून गप व्हायचं आणि पुढच्या खाचेतनं पाटाला लागायचं. ते थारोळं. आम्ही पोरं त्यात बसून आंघोळ करायचो.

खडूस_काका

म्हणजे पेपरवाले "रक्ताच्या थारोळ्यात" लिहितात ते हे? पन्नास वर्षं वाचतोय. मला वाटायचं थारोळं रक्ताचंच असतं.

सांडवा_बहात्तर

मी ३२ वर्षं स्टिलिंग बेसिन म्हणत आलो. नकाशावर, टेंडरवर, विधानसभेच्या प्रश्नोत्तरांत. आमच्याही मळ्यात मोट होती हो. थारोळ्यावरनं पाय घसरून माझा पुढचा दात पडलाय. आणि हे दोन शब्द एकमेकांशेजारी ठेवायचं एकदाही सुचलं नाही.

पंचगंगाकाठ

मग आता एक काम सांगतो काका. मोट गेली, आता पाच एचपीची मोटर आहे, चार इंची पाइप. पाइपचं तोंड पाटापासून छातीएवढं उंच आहे आणि खाली भावानं थारोळं न बांधता नुसती फरशी टाकलीय. पाणी फरशीवरनं सुसाट जातं आणि पुढं मातीत ढोपरभर खड्डा पडलाय. दरवर्षी मुरूम टाकतो, दरवर्षी जातो.

सांडवा_बहात्तर

उसळी फरशीबाहेर बसतेय, म्हणून तर खड्डा तिथे. फरशी काढू नकोस. तिच्या शेवटाला वीतभर उंच उंबरठा घाल आणि दोन्ही अंगांना विटांची भिंत, म्हणजे आत पाणी साठेल. उंबरठ्याला मध्ये खाच ठेव. मोटर बंद झाली की कुंडी रिकामी व्हावी म्हणून तळाशी पाऊण इंची भोक, नाहीतर डास होतील. आणि पाइपच्या तोंडाला खालच्या दिशेने कोपरा लाव, पाणी लांब उडायचं थांबेल.

उंबरठा आधी सिमेंटचा करू नकोस. दोन दिवस लाकडाची फळी लावून बघ, कुठल्या उंचीला उसळी आत येते ते. आली की तेवढीच पक्की कर.

पंचगंगाकाठ

जुन्या बर्ग्याची एक फळी गोठ्यात पडलीय. सकाळी सातला लाइट येते. लावतो आणि फोटो टाकतो.

उपडी_वाटी

आमच्या मावशी उद्या येतायत. पण लेक म्हणतो परात तो घासणार. फोटोची वाट बघतोय दोघं.